केजीएफ आणि कोलारचे डोंगर: सोन्याच्या खाणींचं गाव दोन दिवसांत कसं पाहायचं

कोलार गोल्ड फील्ड्स, सगळ्यांच्या तोंडी केजीएफ, बंगळुरूच्या पूर्वेला साधारण १०० किमीवर आहे. तिथे जायचं ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खाणीत उतरता येत नाही. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पाणी उपसणारे पंप थांबले आणि पुढे भुयारांत पाणी भरत गेलं. पिंजऱ्यात बसवून पर्यटकांना खाली नेणारी सोय इथे नाही, आणि कुणी पैसे घेऊन ‘आत नेतो’ म्हणाला तर त्याच्यामागे जाऊ नका.

मग पाहायचं काय? इथली खाण जमिनीवरही वाचता येते, फक्त ठिकाणांचा क्रम बरोबर हवा. बहुतेक जण थेट करड्या ढिगाऱ्यांपाशी जातात, चार फोटो काढतात आणि तासाभरात परततात. त्यांना केजीएफ दिसलेलंच नसतं. खनिजाचा दगड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जावं: आधी शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवराचा मनोरा, मग दगड दळण्याच्या गिरण्यांची जागा, मग उरलेल्या गाळाचा ढिगारा आणि शेवटी हे सगळं ज्यांनी उपसलं त्यांच्या वस्त्या. त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. दुसरा दिवस कोलारच्या डोंगरांचा.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हा भाग समुद्रसपाटीपासून साडेआठशे-नऊशे मीटर उंचीवर असल्यामुळे या दिवसांत सकाळी गारवा असतो आणि दुपारीही चालता येतं. एप्रिल-मे टाळा. गावात सावली कमी, आणि डोंगरावरचा ग्रॅनाइट अकरानंतर हात टेकवता येणार नाही इतका तापतो. जून ते ऑगस्टमध्ये इथे कोकणासारखा पाऊस नसतो, पण वारा जोरदार असतो आणि ढिगाऱ्यांवरची बारीक धूळ गावभर उडते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे महिने टाळलेलेच बरे. खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तेव्हा ढिगाऱ्यांच्या कडा ढासळतात आणि डोंगरातल्या गुहांमध्ये पाय घसरतो.

पोहोचायचं कसं

महाराष्ट्रातून बंगळुरू गाठणं सोपं. मुंबई-पुणे-सोलापूरकडून उद्यान एक्सप्रेस आहे. ती मुंबईहून सकाळी निघते आणि साधारण २४ तासांनी बंगळुरूला पोहोचते. थकून उतरल्यावर लगेच पुढे पळू नका. तो दिवस आणि रात्र बंगळुरूत काढून दुसऱ्या दिवशी पहाटे निघा.

बंगळुरूहून पुढे रेल्वेच घ्यावी. चेन्नईच्या मार्गावर सुमारे ७० किमीवर बंगारपेट जंक्शन लागतं. तिथून केजीएफला जाणारा सोळा किमीच्या आसपासचा फाटा १८९४ मध्ये केवळ खाणींसाठी टाकला गेला. कोरमंडल, उरगाम, चॅम्पियन आणि अखेरीस मारिकुप्पम ही त्यावरची स्टेशनं. यांतली बरीचशी नावं खाणींची आहेत किंवा खाणींना दिली गेलेली. काही गाड्या बंगळुरूहून थेट मारिकुप्पमला जातात. या प्रवासाला दोन-अडीच तास लागतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे वेळापत्रक न पाहता जाणं. या गाड्या पर्यटकांच्या सोयीने धावत नाहीत. खाणी बंद झाल्यावर केजीएफची हजारो माणसं रोज बंगळुरूला कामाला जाऊ लागली आणि गाड्यांच्या वेळा त्यांच्यासाठी आखलेल्या आहेत: पहाटे बंगळुरूकडे, संध्याकाळी केजीएफकडे. उलट दिशेच्या गाड्या मोजक्याच असतात, आणि काही रविवारी धावत नाहीत. म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या अ‍ॅपवर त्या दिवसाची गाडी तपासा. थेट गाडी नसेल तर चेन्नईकडे जाणाऱ्या, बंगारपेटला थांबणाऱ्या कोणत्याही गाडीने बंगारपेटला उतरा आणि बाहेरून केजीएफची बस धरा. बस रॉबर्टसनपेटला सोडते. हीच इथली मुख्य बाजारपेठ.

स्वतःची गाडी असेल तर होसकोटे-कोलार-बंगारपेट असा जुना रस्ता आहे. बंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्गाने वेळ वाचतो, पण त्यावर दुचाकी चालत नाही.

मुक्काम कुठे

रॉबर्टसनपेटमध्ये साधे लॉज आहेत. कुटुंबासोबत असाल तर कोलार शहरात राहा. ते राष्ट्रीय महामार्गावर असल्यामुळे हॉटेलांचे पर्याय जास्त आहेत आणि दुसऱ्या दिवसाचा डोंगर तिथून चार किमीवर येतो. केजीएफ ते कोलार अंतर तीसेक किमी. पहिल्या दिवशी गाव पाहून संध्याकाळी कोलार गाठायचं, ही आखणी सगळ्यांत सुटसुटीत.

पहिला दिवस: दगडाची वाट

रॉबर्टसनपेटला नाश्ता करून दिवसभरासाठी रिक्षा ठरवा. ठिकाणांची नावं कागदावर लिहून दाखवा: उरगाम, चॅम्पियन रीफ, मारिकुप्पम, सायनाइड ढिगारे. थांबण्याचा वेळ धरून रक्कम आधीच बोलून घ्या, नाहीतर दर थांब्याला नवा हिशेब सुरू होतो. पन्नाशी-साठीचा रिक्षावाला मिळाला तर उत्तम. बंद झालेल्या शाफ्टची नावं नकाशापेक्षा त्या पिढीला जास्त पाठ असतात. भाषेचं म्हणाल तर जिल्हा कर्नाटकातला असला तरी गावात तमिळ जास्त ऐकू येते, खालोखाल तेलुगू आणि कन्नड. मोडकी हिंदी-इंग्रजी बाजारात चालते.

सुरुवात चॅम्पियन रीफच्या बाजूने करा. इथे शाफ्टवर उभे असलेले लोखंडी मनोरे दिसतात, वर मोठी चाकं बसवलेली. या मनोऱ्याला हेडगिअर म्हणतात. शेजारच्या इमारतीतल्या यंत्राच्या ढोलावर पोलादी दोर गुंडाळला जाई, तो या चाकांवरून खाली शाफ्टमध्ये उतरे आणि त्याच्या टोकाला माणसांचा पिंजरा किंवा दगडांचं भांडं लटकलेलं असे. मनोऱ्याचे दोन पाय यंत्रघराच्या बाजूला तिरके रोवलेले दिसतील. दोराची ओढ त्याच दिशेने येते, ती पेलण्यासाठी ही रचना. एवढं कळलं की कोणत्याही पडक्या मनोऱ्यासमोर यंत्रघर कुठे असणार हे तुम्हीच सांगू शकाल.

चॅम्पियन रीफ खाण जमिनीखाली जवळजवळ ३.२ किमीपर्यंत गेली होती. जगातल्या सर्वांत खोल खाणींमध्ये तिची गणना होत असे. तळाशी खडकाचं तापमान ६५ अंशांच्या आसपास होतं, म्हणून थंड हवा खाली ढकलावी लागे. त्याहून मोठं संकट ‘रॉक बर्स्ट’चं. इतक्या खोलीवर वरच्या खडकाचा दाब प्रचंड असतो. मधला दगड काढून पोकळी केली की तो दाब बाजूच्या खडकावर येतो आणि खडक अचानक स्फोटासारखा फुटतो. त्याचे हादरे वर गावातल्या घरांनाही जाणवत. इथल्या जुन्या घरांच्या भिंतींकडे पाहताना हे ध्यानात असू द्या.

याच खोलीचा वेगळाच उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केला. वरचा दोन किमीहून जाड खडक वैश्विक किरणांना अडवतो आणि न्यूट्रिनोसारखे कण तेवढे आरपार येतात. जपानच्या ओसाका आणि ब्रिटनच्या डरहम विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या प्रयोगात १९६५ मध्ये, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक इथे मिळाली. तिथे पाहायला आज काही खुलं नाही. पण मनोऱ्यासमोर उभं राहून खाली काय काय घडलं याची कल्पना करायची तर ही गोष्ट माहीत हवीच.

मनोऱ्यांजवळ जाताना नियम साधा आहे: रस्ता किंवा मळलेली पायवाट सोडायची नाही. जुन्या कामांची तोंडं झुडपांत लपलेली असतात. काहींवरची झाकणं गंजली आहेत, आणि आतली जमीन कुठे पोकळ आहे ते वरून कळत नाही. खाणींची जागा भारत गोल्ड माइन्स या केंद्र सरकारच्या कंपनीच्या मालकीची असून कुंपणाच्या आत जायला परवानगी लागते. रस्त्यावरून फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, पण पहारेकऱ्याने नको म्हटलं तर वाद न घालता पुढे जा. बीईएमएलच्या कारखान्याचे फोटो मात्र अजिबात काढू नका, तिथे संरक्षण खात्यासाठी उत्पादन होतं.

पुढे उरगाम आणि मारिकुप्पमकडे वळा. आधुनिक खाणकामाच्या आधीची गोष्ट याच दोन गावांची आहे. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन या सर्वेक्षण अधिकाऱ्याने, सोनं दाखवेल त्याला बक्षीस देण्याचं जाहीर केलं. गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण काढून दाखवले. पुढे १८७०च्या दशकात बंगळुरूत स्थायिक झालेल्या मायकेल लाव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला, आणि १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी इथे उतरली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावरची वीज सुमारे १४८ किमी लांबीच्या तारांवरून खाणींपर्यंत आणली गेली. बंगळुरू शहरात दिवे लागले ते त्यानंतर. १९५६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. बंद होईपर्यंत इथून ८०० टनांहून अधिक सोनं निघालं. शेवटच्या काळात मात्र टनभर दगडामागे जेमतेम तीन-चार ग्रॅम सोनं मिळत होतं आणि खर्च भागत नव्हता.

सायनाइडचे ढिगारे

दुपारचं ऊन उतरल्यावर, साडेचारच्या सुमारास इकडे या. गिरणीत दगडाचं पीठ करून त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण सोडलं जाई. सोनं त्या द्रावणात विरघळे आणि उरलेला गाळ बाहेर टाकला जाई. शंभर वर्षांहून अधिक काळ साठलेला तो गाळ म्हणजे हे करडे-पिवळट पठारासारखे डोंगर. असे तेरा ढिगारे आहेत आणि त्यांत सुमारे ३.३ कोटी टन गाळ आहे. पावसाने त्यांच्या अंगावर खोल घळी कोरल्या आहेत. तिरप्या उन्हात त्या फार देखण्या दिसतात, आणि म्हणूनच लोक वर चढतात.

चढू नका. घळीच्या कडा कोरड्या आणि घट्ट दिसतात, पण आत सगळं पीठ आहे. माणसाच्या वजनाने कड सुटते आणि अंगावर येते. सायनाइड उन्हापावसात बरंचसं विघटित होतं, पण दगडाची अतिबारीक धूळ आणि जड धातूंचे अंश राहतात. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका, चांगला मास्क लावा, परतल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नका. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका, धूळ आत गेली की निघत नाही. ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी साठलेलं पाणी कितीही निळंशार दिसलं तरी त्यात हात घालू नका. प्यायचं पाणी सोबत बाटलीबंद ठेवा.

या गाळात अजून थोडं सोनं शिल्लक आहे. ते काढण्याच्या प्रस्तावाला जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. त्यामुळे आज खुला दिसणारा एखादा ढिगारा उद्या कुंपणात जाऊ शकतो. रिक्षावाल्याला ताजी स्थिती विचारूनच निघा.

लाइनी

खाणकामगारांच्या वस्त्यांना इथे लाइन म्हणतात. एका छपराखाली ओळीने एक-एक खोलीची घरं, बुटकी दारं आणि समोर अरुंद गल्ली. तिथून थोड्याच अंतरावर इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रशस्त बंगले, १८८५चा क्लब आणि गोल्फचं मैदान. ही दोन दृश्यं एकापाठोपाठ पाहा. केजीएफचं अर्थकारण समजून घ्यायला दुसऱ्या कशाची गरज पडत नाही.

कामगार मोठ्या संख्येने उत्तर अर्काट, धर्मपुरी, सेलम या तमिळ भागांतले आणि त्यांतले बहुसंख्य दलित. आंबेडकरी चळवळ इथे खोल रुजली. रिपब्लिकन पक्षाचे आमदार इथून निवडून गेले आहेत. चौकांमध्ये बाबासाहेबांचे पुतळे दिसतील. मराठी माणसाशी बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरतं. फोटो मात्र विचारूनच काढा. हे उजाड ‘भूतांचं गाव’ नाही, लोक तिथे राहतात. उघड्या दारातून आत कॅमेरा रोखणं त्यांना खटकतं, आणि ते योग्यच आहे.

दुसरा दिवस: अंतरगंगे

कोलार शहराला लागूनच शतशृंग डोंगररांग आहे आणि तिच्या उतारावर अंतरगंगे हे ठिकाण. सकाळी साडेसहाला पायथ्याशी असाल तर सगळं निवांत होतं. पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटांत काशी विश्वेश्वराचं मंदिर येतं. तिथे दगडी नंदीच्या मुखातून झऱ्याचं पाणी कुंडात पडतं. माकडं फार आहेत. खाऊ प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरला की गेलाच, सगळं चेन लावलेल्या पाठपिशवीत ठेवा.

मंदिराच्या वर खरी मजा आहे. ग्रॅनाइटच्या अवाढव्य शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींतून गुहांची वाट तयार झाली आहे. ग्रॅनाइटला आधी उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपून कोपरे झिजले आणि ठोकळ्यांचे गोटे झाले. इथे सोनं नाही. सोनं सापडलं ते या ग्रॅनाइटच्या प्रदेशातून उत्तर-दक्षिण गेलेल्या काळ्या खडकाच्या, सुमारे ८० किमी लांब आणि तीन-चार किमी रुंद पट्ट्यात, पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमध्ये. काल गावात पायाखाली काळा दगड दिसला असेल, आज हा फिकट ग्रॅनाइट. हा फरक डोळ्यांनी टिपता आला तर दोन दिवस सार्थकी लागले.

गुहांकडे जाणाऱ्या वाटेवर भरवशाच्या खुणा नाहीत. झुडपांत दोन-तीन वाटा फुटतात आणि त्यांतली एखादी नुसत्याच कड्यावर नेऊन सोडते. पायथ्याशी किंवा मंदिरापाशी स्थानिक वाटाड्या मिळतो, त्याला सोबत घ्या. काही फटींत बसून सरकावं लागतं, एक-दोन ठिकाणी पोटावर रांगावं लागतं. अंग रुंद असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, वाटाड्या वरून नेतो. डोक्याला लावायची बॅटरी, खडबडीत तळाचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. मोबाइलचा टॉर्च पुरत नाही, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. कड्यांवर आग्या मोहळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. जाऊन-येऊन तीन-चार तास धरा आणि अकराच्या आत खाली या.

रात्रीच्या ट्रेकच्या जाहिराती दिसतील. वन खात्याची परवानगी आहे का ते स्वतः विचारा आणि कागद पाहा, आयोजकाच्या शब्दावर राहू नका. गुडघ्यांना गुहा झेपणार नसतील तर डोंगरमाथ्यावरच्या तेरहळ्ळीला जा. तिथूनही शिळांचा सगळा पसारा दिसतो.

उरलेल्या वेळात

खाली उतरल्यावर कोलार शहरात दोन तास द्या. चोळकालीन कोलारम्मा मंदिर लहान पण घडीव आहे. तिथल्या चेलम्मा देवीला विंचवाची देवी मानतात, आणि तिच्या भक्तांना विंचू चावत नाही अशी श्रद्धा आहे. विजयनगर शैलीचं सोमेश्वर मंदिर जवळच आहे, त्याच्या कल्याणमंडपाचे खांब निवांत पाहा. आणखी एक गोष्ट मराठी प्रवाशाने जाणून असावी: आदिलशाहीने शहाजीराजांना दिलेल्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळुरू, होसकोटे यांबरोबर कोलारही होतं.

दगडांची आवड असेल तर पेद्दपल्लीजवळचा उशी-लाव्हा चुकवू नका. राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून ती जागा घोषित आहे. पाण्याखाली ओतलेला लाव्हा झटकन गोठून उशांसारखे गोल आकार बनले, त्यांचे छेद खडकात दिसतात. वय सुमारे २७० कोटी वर्षं. वरकरणी तो ओबडधोबड खडकच वाटतो, म्हणून उशांची चित्रं आधी पाहून जा. हातोडी चालवायला मनाई आहे.

पाण्याकाठी बसायचं असेल तर पालार नदीवरचा बेतमंगलचा तलाव केजीएफपासून दहा-बारा किमीवर आहे. खाणींना आणि गावाला पाणी इथूनच जाई. हिवाळ्यात पक्षी दिसतात, दुर्बीण असू द्या. कम्मसंद्रचं कोटिलिंगेश्वर केजीएफहून आठ-दहा किमीवर. तिथे १०८ फुटी शिवलिंग आणि भोवती असंख्य लहान लिंगं आहेत. सणावारी आणि सोमवारी गर्दी फार होते, तासभर पुरतो.

तिसरा दिवस हाताशी असेल तर मुळबागलकडे वळा. आवनीला नोलंब राजांच्या काळातला रामलिंगेश्वर मंदिरांचा समूह आहे आणि मागच्या उघड्या खडकाळ डोंगरावर सीतेचं देऊळ. लव-कुशांचा जन्म इथे झाला असं स्थानिक मानतात. चढाला पाऊण तास लागतो, सावली जवळजवळ नाही. कुरुडुमलेचा साडेतेरा फुटी एकसंध दगडातला गणपती मुळबागलहून दहाएक किमीवर. आवनी सकाळी आणि कुरुडुमले दुपारी, कारण गणपती छपराखाली आहे आणि डोंगर उन्हात.

परतताना बंगारपेटला गाडीच्या आधी तासभर पोहोचा. इथली पाणीपुरी दक्षिणेत नावाजलेली आहे. तिचं पाणी हिरवं नसतं, साध्या पाण्यासारखं नितळ असतं आणि तरी झणझणीत लागतं. संध्याकाळी बंगळुरूहून येणाऱ्या गाड्या कामावरून परतणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या असतात, तुमची उलट दिशेची गाडी मोकळी मिळते. फलाट मात्र घोषणा ऐकूनच धरा. केजीएफचा फाटा आणि मुख्य मार्ग याच जंक्शनवर मिळतात, आणि गडबडीत मारिकुप्पमच्या गाडीत चढलेला प्रवासी पुन्हा खाणींच्या गावात जाऊन पोहोचतो.